जंत, त्यांच्या नसा आणि आपली गोळी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत किंवा अंगणवाडीत जंतांच्या गोळ्या वाटल्या की लोकांना जंत आठवतात. एरवी चारचौघांत त्यांचं नाव कोणी काढत नाही. मी प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे पालक, मेंढपाळ, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका आणि बीएस्सीची मुलं असे सगळेच कधी ना कधी गाठतात. विचारतात औषधाबद्दल, आणि उत्तर बहुतेक वेळा जंताच्या चेतासंस्थेत सापडतं. म्हणून ही उत्तरं एका ठिकाणी लिहिली आहेत. कुठलं औषध आणि किती, हे मात्र डॉक्टरांना विचारायचं. जनावराचं असेल तर पशुवैद्यांना.

जंताला मेंदू असतो का?

आपल्यासारखा कवटीतला मेंदू नसतो. घशाभोवती चेतापेशींचं एक कडं असतं आणि तिथून दोन मुख्य दोरे, एक पाठीच्या बाजूनं आणि एक पोटाच्या बाजूनं, शेपटीपर्यंत जातात. आतड्यात राहणारा मोठा गोल जंत म्हणजे ॲस्कॅरिस. त्याची मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब होते, तरी तिच्या अख्ख्या अंगात चेतापेशी जेमतेम ३०० असतात. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. गंमत अशी की प्रत्येक ॲस्कॅरिसमध्ये त्याच पेशी त्याच जागी सापडतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड गोल्डश्मिट यांनी १९०८ साली साध्या सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याकडच्या १६२ पेशी एकेक करून मोजल्या आणि त्यांचे नकाशे काढले. तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता, संगणक नव्हता. ते नकाशे आजही कामाला येतात.

आणखी एक उलटी तऱ्हा आहे. आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूपर्यंत जातो. गोलकृमींत स्नायूची पेशीच आपला एक हात लांब करून चेतादोऱ्यापर्यंत नेते आणि तिथून संदेश उचलते. वायरमननं घरात जोडणी देण्याऐवजी घरवाल्यानंच खांबावर आकडा टाकावा, तसा हा कारभार. पुढे औषधांचं जे काही सांगणार आहे ते सगळं या आकड्याच्या टोकाशी घडतं, एवढं लक्षात ठेवा.

३०२ चेतापेशींचा किडा म्हणतात तो हाच का?

नाही, तो सी. एलिगन्स. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, कुजक्या फळांत आणि कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात जिवाणू खाऊन राहणारा, कोणाच्या पोटात न शिरणारा गोलकृमी. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये तो निवडला, कारण चेतासंस्था पूर्ण समजून घ्यायची तर ती मोजता येण्याएवढी लहान हवी असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या गटानं किड्याचे पातळ काप काढून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो घेऊन, कुठली पेशी कुठल्या पेशीला जोडली आहे हे वर्षानुवर्षं हातानं शोधलं. १९८६ साली सगळ्या ३०२ पेशींचा नकाशा छापून आला. त्यात रासायनिक जोडण्याच सुमारे ५,००० होत्या. कुठल्याही प्राण्याच्या पूर्ण चेतासंस्थेचा हा पहिला जोडणी-नकाशा. ब्रेनर यांना २००२ साली हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्यानंतर याच किड्यामुळे आणखी काही जणांना मिळालं.

मग शास्त्रज्ञ पोटातल्या त्या मोठ्या जंतावर का काम करतात? छोटा किडा पुरला नाही का?

नकाशा असला म्हणून रस्त्यावर गाडी कुठल्या दिशेनं चाललीय ते कळत नाही. त्या मिलिमीटरभर किड्याच्या चेतापेशी इतक्या बारीक, की त्यांत विद्युतशलाका खुपसून व्होल्टेज मोजणं बराच काळ अशक्यच होतं. इथे अँथनी स्ट्रेटन यांचं काम येतं. हे ब्रेनर यांचे केंब्रिजमधले सहकारी. प्रथिनाची साखळी कुठे थांबायची हे सांगणाऱ्या जनुकीय संकेतांवर दोघांनी १९६५ साली एकत्र निबंध लिहिला होता. पुढे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जाऊन स्ट्रेटन यांनी ब्रेनरच्या उलट टोक पकडलं: पेशी तितक्याच, पण प्राणी शेकडो पटींनी लांब. डुकराच्या आतड्यात सापडणारा ॲस्कॅरिस सूम त्यांनी घेतला. तो कत्तलखान्यातून मिळतो. अंगाच्या तापमानाएवढ्या कोमट क्षाराच्या पाण्यात ठेवला की काही दिवस जगतो, आणि त्याच्या पेशींत शलाका सहज शिरते.

त्यातून निघालेल्या गोष्टी अनपेक्षित होत्या. आपल्या मज्जातंतूत संदेश ठिणगीसारखा जातो, एक तर उडतो नाही तर नाही. ॲस्कॅरिसच्या प्रेरक, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या, चेतापेशींत तशी ठिणगीच दिसेना. व्होल्टेज हळूहळू चढतं, हळूहळू उतरतं, आणि त्याच चढउतारावर संदेश द्यायचा की थांबवायचा ते ठरतं. राल्फ डेव्हिस आणि स्ट्रेटन यांनी १९८९ साली हे दाखवलं. एवढा लांब प्राणी आणि ठिणगीशिवाय चालतो! पाठीकडचे स्नायू आवळले की पोटाकडच्या स्नायूंना थोपवणारी पेशी जागी होते, मग उलट. या आळीपाळीतून जंताची ती नागमोडी लाट तयार होते.

त्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेनं जंताच्या डोक्यातून सात अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडाच म्हणा, वेगळा केला. त्याचं नाव एएफ-१. तो टोचला की जंताची हालचाल बिघडते. मग असे डझनावारी पेप्टाइड सापडले. माझं मत विचाराल तर या शोधाकडे हवं तेवढं लक्ष गेलं नाही, कारण नकाशात पेप्टाइड दिसत नाहीत. तारांची जोडणी तीच राहते आणि पेप्टाइड सुटला की त्याच जोडणीतून वेगळं वागणं निघतं. तीनशे पेशींवर एवढा संसार कसा चालतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

जंताची गोळी जंत मारते का?

बऱ्याचदा नाही. ॲस्कॅरिस आतड्याला चिकटलेला नसतो. आतडं सारखं खाली ढकलत असतं आणि हा प्राणी प्रवाहाविरुद्ध अंग रेटत जागा धरून राहतो. त्याची हालचाल थांबली की आतडं बाकीचं काम करतं. म्हणून जुनी औषधं जंताचा जीव घेत नाहीत, त्याला लुळा करतात किंवा ताठ करतात, आणि तो शौचावाटे बाहेर पडतो. मादी रोज दोन लाखांच्या आसपास अंडी घालते, त्यामुळे तिला बाहेर काढणं हेच मोठं काम.

चाळिशीपुढच्या मंडळींना लहानपणी दिलेलं पिपराझिनचं गोड सिरप आठवत असेल. जंताच्या स्नायूंना थोपवणारं रसायन म्हणजे गाबा. पिपराझिन त्याची नक्कल करतं, स्नायू सैल पडतो, जंत लुळा होतो. पायरँटेल आणि लेव्हामिसोल यांचं बरोबर उलट आहे. ती असिटिलकोलीनची नक्कल करतात, म्हणजे आवळण्याचा संदेश देत राहतात, आणि जंत ताठ होऊन पडतो. एक सैल करतं, दुसरं आवळतं, म्हणून पिपराझिन आणि पायरँटेल एकत्र देऊ नये असं औषधशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. दोन औषधं घेतली तर दुप्पट गुण येईल हा हिशेब इथे फसतो.

शाळेत १० फेब्रुवारीला आणि ऑगस्टच्या फेरीत जी गोळी चावून खायला देतात ती अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅमची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. हा राष्ट्रीय जंतमुक्ती दिन २०१५ पासून पाळला जातो आणि तो १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी आहे. अल्बेंडाझोल जंताच्या पेशींतल्या ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, पेशीची आतली बांधणी ढासळते, साखर शोषून घेणं बंद पडतं. हे हळू चालतं, त्यामुळे गोळी घेतल्या घेतल्या काही पडलं नाही म्हणून घाबरू नका. आता हे औषध चेतासंस्थेवरचं नाही असंच आम्ही शिकवत आलो. पण सी. एलिगन्सवरच्या अलीकडच्या प्रयोगांत दिसलं की औषध लागू पडतं की नाही, हे त्याच्या चेतापेशींतल्या ट्यूब्युलिनवरच ठरतं. म्हणजे फिरून आपण पुन्हा नसांपाशीच आलो.

निपाणीच्या तंबाखूचा आणि जंताच्या औषधाचा काही संबंध आहे म्हणे?

आहे, आणि चांगला जवळचा आहे. असिटिलकोलीन ज्या ग्राहकावर, म्हणजे पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या रेणूवर (इंग्रजीत रिसेप्टर), बसतं त्याचं शास्त्रातलं नावच निकोटिनवरून पडलंय. केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी १९०५ च्या सुमारास निकोटिन आणि क्युरारे हे स्नायू लुळे करणारं विष स्नायूवर लावून पाहिलं, आणि पेशीवर ‘ग्रहण करणारं’ काहीतरी असलं पाहिजे अशी कल्पना मांडली. औषधशास्त्रातली ग्राहकाची संकल्पना इथून सुरू होते. निपाणीच्या वखारीत ज्या पानाचा ढीग लागतो, त्याच पानातल्या द्रव्यानं ही वाट दाखवली.

जंताच्या स्नायूवरही निकोटिननं उघडणारे ग्राहक असतात. होझे देल कास्तियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ॲस्कॅरिसच्या स्नायूवर असिटिलकोलीनचं काम दाखवून दिलं. त्याच्याही आधी, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांना मोरचूद आणि निकोटिन सल्फेट यांचं मिश्रण पाजत असत. जंत पडायचे, कधीकधी मेंढीही पडायची, कारण निकोटिनला जंताचा ग्राहक आणि मेंढीचा ग्राहक यांत फारसा फरक करता येत नाही. १९६६ साली बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीनं टेट्रामिसोल आणलं, त्यात एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन रेणू निम्मेनिम्मे असतात, त्यांतला एक म्हणजे लेव्हामिसोल. ते जंताच्या ग्राहकावर जोरात बसतं आणि सस्तन प्राण्याच्या ग्राहकावर कमी. तंबाखूचा धागा तोच, फक्त नेम सुधारला.

त्यामुळे तंबाखू खाल्ली की जंत मरतात, असं कोणी वखारीच्या कट्ट्यावर सांगत असेल तर त्यांना एवढंच सांगा: जंताला पुरेल एवढं निकोटिन घेतलं तर आधी माणसाला उलट्या होतील, घाम फुटेल, छाती धडधडेल. ओल्या पानांत काम करणाऱ्यांना त्वचेतून निकोटिन जाऊन मळमळ आणि चक्कर येते, तो याच ग्राहकांचा प्रताप. वखारीतल्या धुराळ्यातूनही ते अंगात जातं. तिथल्या बायकांना तोंडाला फडकं आणि हाताला मोजे मिळायला हवेत. १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनात शेतकऱ्यांच्या दराची चर्चा देशभर झाली, कामगारांच्या नसांची मात्र अजून गल्लीतही होत नाही.

सुपारी, वावडिंग, किरमाणी ओवा, पळसाचं बी: आजी द्यायची त्यात काही तथ्य होतं का?

काहींत नक्कीच होतं. सुपारीतलं अरेकोलीन असिटिलकोलीनसारखं काम करतं. कुत्र्याच्या पोटातले पट्टकृमी पाडायला पशुवैद्यकात ते खूप वर्षं वापरलं गेलं. कृमी लुळा पडतो आणि त्याच वेळी कुत्र्याला जोराचे जुलाब होतात. किरमाणी ओवा म्हणजे आर्टेमिसिया कुळातली वनस्पती. त्यातलं सँटोनिन एके काळी जगभर ॲस्कॅरिसवरचं मुख्य औषध होतं. मात्रा जास्त झाली की माणसाला सगळं पिवळं दिसायला लागायचं, म्हणून ते मागे पडलं. वावडिंग आणि पळसबी यांचा वापर आयुर्वेदात जुना आहे.

बेळगावात पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, राष्ट्रीय संस्था आहे, त्यामुळे या भागातल्या मुलांनी असे विषय मनावर घ्यावेत असं मला वाटतं. पण घरी बाळाला सुपारीचं पाणी वगैरे पाजू नका. सुपारीनं तोंडाचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे, आणि सुरक्षित गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

गोड खाल्ल्यानं जंत होतात का? पोरगं रात्री दात खातं म्हणजे जंतच ना?

नाही, आणि नाही. जंत होतात ते मातीतली अंडी पोटात गेल्यानं: न धुतलेला हात, न धुतलेली भाजी, उघड्यावरची शौचाची जागा. कुंदा खाऊन जंत होत असते तर बेळगाव केव्हाच ओस पडलं असतं.

हुकवर्म शेतात आपला पाय नेमका कसा शोधतो?

मला स्वतःला हा प्रश्न सगळ्यांत आवडतो. हुकवर्मची, म्हणजे अंकुशकृमीची, अळी मातीत असते, दिसण्याएवढी मोठी नसते, डोळे नसतात. तरी तिला अनवाणी पाय सापडतो. तिच्या डोक्याकडे जोडीजोडीनं संवेदी चेतापेशी असतात. ऊब, घाम, त्वचेतले गंध, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यांतलं काय जवळ आणि काय दूर हे त्या पेशी ठरवतात. तिच्याच वळणाची दुसरी त्वचाभेदक अळी म्हणजे स्ट्राँगिलॉइडिस. तिच्यावर बरंच काम झालं आहे, कॅलिफोर्नियातल्या एलिसा हॅलेम यांच्या प्रयोगशाळेचं त्यात मोठं नाव. ही अळी तापमान थोडं चढतंय असं जाणवलं की त्या दिशेनं सरपटते, आणि तिला गाठायचं असतं ते ३७ अंशाच्या आसपासचं ठिकाण. सी. एलिगन्सही ऊब ओळखतो, त्याच जातीच्या चेतापेशीनं, पण तो आपल्या वाढीच्या तापमानाकडे जातो. पेशी तीच, आवड बदललेली. परजीवी होणं म्हणजे नवा मेंदू मिळवणं नव्हे, हे मला यातून पटलं.

तळव्याच्या त्वचेत युरोकॅनिक आम्ल हे द्रव्य भरपूर असतं. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळीला त्याची ओढ असते, हे २००७ साली दाखवलं गेलं.

खानापूर, जांबोटीकडचे लोक विचारतात की भाताच्या चिखलात जास्त धोका का. उलट आहे. पाणी साचलेल्या भातखाचरात अंकुशकृमीच्या अळीला हवा मिळत नाही, ती तिथे नीट जगत नाही. तिला हवी ओलसर, भुसभुशीत, सावलीतली माती: बांधाच्या कडा, केळी-सुपारीची बाग, भाजीचा वाफा, आणि गावाबाहेरची ती जागा जिथे लोक अजूनही पहाटे टमरेल घेऊन जातात. माणसातले अंकुशकृमी मुख्यतः दोन जातींचे: एक नेकेटर दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त पितो, अँकिलोस्टोमा त्याच्या कितीतरी पट. शंभर-दोनशे कृमी असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, ते यामुळे. चप्पल घाला म्हणणं सोपं आहे. भाजीच्या वाफ्यात चप्पल घालून कोण उतरतं, हे मलाही कळतं. शौचालय वापरात असणं हाच खरा उपाय.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. डोक्यात जंत जाणं आम्हाला शक्यच नाही ना?

हा गैरसमज या भागात फार पक्का बसलाय, म्हणून सविस्तर सांगतो. डुकराच्या पट्टकृमीचे, म्हणजे टीनिया सोलियमचे, दोन मार्ग आहेत. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं की आतड्यात लांब पट्टकृमी वाढतो. पण मेंदूत गाठी होतात त्या मांसामुळे नाही. पट्टकृमी पोटात असलेल्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती भाजीवरून, पाण्यातून, स्वयंपाक करणाऱ्याच्या हातावरून दुसऱ्याच्या पोटात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तातून मेंदूत पोचून गाठ धरतात. त्यामुळे आयुष्यात मांस न शिवलेल्या माणसालाही हे होऊ शकतं आणि होतं. आपल्या देशात मोठेपणी पहिल्यांदा फिट येण्याच्या कारणांत याचा मोठा वाटा आहे.

फिट आलेल्या माणसाला ‘जंतच असतील’ म्हणून घरच्या घरी अल्बेंडाझोल देऊ नका. गाठ मरायला लागली की भोवतालचा मेंदू सुजतो आणि फिट वाढू शकतात. आधी स्कॅन, मग मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, बहुधा स्टेरॉइडसोबत औषध. आणि फिट आलेल्याला कांदा हुंगायला लावणं, हातात लोखंड देणं हे थांबवा. त्याला कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका.

मेंढ्यांना औषध पाजूनही फरक पडत नाही. औषध बनावट आहे का?

अथणी, रायबाग, चिकोडीकडचे मेंढपाळ हे विचारतात. बनावटही असू शकेल, पण जास्त संभव वेगळा आहे. चौथ्या पोटात राहणारा हिमाँकस हा रक्तपिपासू कृमी रोज पाच ते दहा हजार अंडी घालतो. एवढ्या पिल्लावळीत एखाद्याच्या ग्राहकात किंवा ट्यूब्युलिनमध्ये एखादं अमिनो आम्ल बदललेलं निघतं. तेवढ्यानंच औषध चिकटेनासं होतं. बाकीचे मरतात, हा उरतो, आणि पुढच्या पावसात गवतावर त्याचीच अवलाद असते. अल्बेंडाझोल गट, लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन, तिघांनाही दाद न देणारे हिमाँकस जगभर सापडले आहेत. मोनेपँटेल हे अगदी वेगळ्या ग्राहकावर काम करणारं औषध २००९ साली न्यूझीलंडमध्ये बाजारात आलं आणि चार-पाच वर्षांत तिथे त्यालाही न जुमानणारे कृमी निघाले.

लेव्हामिसोलचं कोडं उलगडलं ते पुन्हा सी. एलिगन्समुळेच. जेम्स लुईस आणि सहकाऱ्यांनी १९८० साली लेव्हामिसोलच्या थाळीवर न आखडणारे किडे निवडून काढले, आणि त्यांच्या बिघडलेल्या जनुकांतून ग्राहकाचे घटक सापडत गेले. मेंढीच्या पोटातलं कोडं असं कुजक्या फळातल्या किड्यानं सोडवलं.

करायचं काय? अंदाजानं अर्धी मात्रा पाजू नका, वजनावर द्या. कमी मात्रा म्हणजे बळकट कृमी निवडण्याची शाळा. सगळ्या कळपाला सरसकट पाजण्याऐवजी खालची पापणी ओढून रंग बघा: लालसर असेल तर थांबा, पांढरट असेल किंवा जबड्याखाली मऊ सूज असेल तर औषध. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फामाचा नावाचा रंगतक्ता तयार झाला. काही मेंढ्यांना औषध न दिल्यानं साधे, औषधाला दाद देणारे कृमीही कुरणात शिल्लक राहतात आणि बदललेल्यांची संख्या सौम्य होते. हे पटवणं अवघड जातं, कारण ऐकायला ते हलगर्जीपणासारखं वाटतं. पण जुन्या जाणत्या धनगरांना पापणी बघणं नव्यानं शिकवावं लागत नाही.

आयव्हरमेक्टिन माणसाला चालतं, मग कुत्र्याला देताना पशुवैद्य का थांबवतात?

आयव्हरमेक्टिन ग्लुटामेटनं उघडणाऱ्या क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या धरतं. अशा वाहिन्या अपृष्ठवंशीय प्राण्यांत असतात, आपल्यात नसतात. त्यातून आपल्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांपाशी एक पंप बसलेला आहे, तो हे औषध बाहेर फेकतो. कॉली आणि तिच्या नात्यातल्या काही जातींच्या कुत्र्यांत त्या पंपाचं जनुक बिघडलेलं असतं. त्यांना मोठी मात्रा जीवघेणी ठरते. मुधोळ हाउंड असो की गावठी, वजन आणि मात्रा पशुवैद्यच ठरवतील. गाईम्हशींची बाटली उचलून थेंबांचा अंदाज करू नका.

हे औषध जपानच्या सातोशी ओमुरा यांनी एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून मिळवलेल्या जिवाणूपासून आलं. त्यांना आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. आणि हो, कोरोनावर त्याचा उपयोग नाही, मोठ्या चाचण्यांत ते दिसून आलंय. शेजारच्या गोव्यात तेव्हा ते सगळ्या प्रौढांना द्यायचं जाहीर झालं होतं म्हणून हा प्रश्न अजून येतो. जनावराला टोचलेलं औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांना बाधतं, याबद्दल मात्र कोणीच विचारत नाही.

पावसाळ्यात डबक्यात काळ्या दोऱ्यासारखा लांब किडा वळवळताना दिसतो. तो माणसाच्या पोटात जातो का?

नाही. तो केशकृमी. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि चोर्ल्याच्या बाजूला ओढ्याकाठी दिसला तर हात लावून बघायला हरकत नाही. तो नाकतोडा, रातकिडा, खंडोबाचा घोडा यांच्या पोटात वाढतो, आणि मोठा झाला की त्यांना पाण्यात उडी मारायला लावून बाहेर पडतो. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या विशिष्ट ध्रुवित प्रकाशाकडे बाधित खंडोबाचा घोडा ओढला जातो, हे जपानमधल्या प्रयोगांत दिसलं. २०२३ साली त्याहून धक्कादायक निष्कर्ष आला: केशकृमीत १,४०० हून अधिक जनुकं अशी आहेत की ती यजमान कीटकाकडूनच आलेली दिसतात. यजमानाला त्याच्याच भाषेत फसवायची सोय असावी. नक्की कशी, यावर अजून काम चालू आहे.

नारू पुन्हा येईल का?

आपल्याकडे नाही असंच म्हणू या. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. त्याआधी नारू असलेल्या राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं आणि पाणी गाळून पिणं यानंच तो गेला. त्यावर औषध नव्हतं, आजही नाही.

जंताला दुखतं का?

टोचलं, तिखट रसायन लागलं की तो मागे सरतो, आणि ते ओळखणाऱ्या खास चेतापेशी सी. एलिगन्समध्ये माहीत आहेत. पण मागे सरणं आणि दुःख होणं यांत अंतर आहे. तीनशे पेशींत दुसरं मावत असेल असं मला वाटत नाही.

मी बीएस्सीला आहे. बेळगावात राहून यातलं काय करता येईल?

डुकराचा ॲस्कॅरिस आणून उघडू नका. एक तर महाविद्यालयांत प्राणिविच्छेदनावर आता बंधनं आहेत, दुसरं म्हणजे त्याची अंडी चिवट असतात आणि त्याच्या द्रवाची ॲलर्जी अशी जडते की नंतर नुसत्या वासानं शिंका आणि दमा सुरू होतो.

कंपोस्ट किंवा कुजलेल्या पेरूखालची माती घ्या. नरसाळ्याला रबरी नळी आणि चिमटा लावा, वर मलमलीत माती ठेवा, पाण्यानं भरा. रात्रभरात स्वतंत्र राहणारे गोलकृमी खाली नळीत उतरतात. सकाळी चिमटा सैल करून थेंबभर पाणी काचपट्टीवर घ्या. महाविद्यालयातला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. एका मिनिटात कितीदा अंग वळतं ते मोजा, मग पाणी थोडं कोमट करून पुन्हा मोजा. पुढे जायचं असेल तर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था या दोन्हीकडे सी. एलिगन्सच्या चेतासंस्थेवर काम चालतं. उन्हाळी प्रशिक्षणाचे अर्ज हिवाळ्यातच निघतात, परीक्षा संपायची वाट बघू नका. आणि अर्जात ‘संशोधनाची आवड आहे’ एवढंच लिहू नका. नरसाळ्यातल्या किड्यांचे मोजलेले आकडे जोडा.